हात लावलेला उंट

मित्रांनो, मी एक जुना उंट आहे. वीतभरसुद्धा उंची नाही माझी. पाठीवर मदार नाही, पाय नाहीत, बुडाला हिरव्या कापडाची चकती आणि डोक्यावर एक तिरपी चीर. बुद्धिबळाच्या पटावर राजाला खेटून जो पांढरा उंट उभा असतो ना, तो मी. पांढरा असं आपलं म्हणायचं. गॅरेजात इतकी वर्षं काढल्यावर माझा रंग चहासारखा झालाय.

मेलेल्या माणसाचं बोट किती जड असतं, हे तुमच्यापैकी कुणालाच माहीत नसेल. मला माहीत आहे. तेच सांगायला बसलोय. दिवसाउजेडी सांगतो, म्हणजे तुम्हाला भीती वाटणार नाही. मला मात्र जे काही दिसलं, ते सगळं दिवसाउजेडीच दिसलं.

माझा जन्म लेथवर झाला. कुठल्या गावात ते सांगता येत नाही, कारण जन्मताना मी गरगर फिरत होतो. पुढे कर्जतच्या बाजारात एका दुकानात आम्ही सगळी मंडळी खोक्यात पडून होतो. तिथे एक दिवस रोहिदास आला. तो आला होता कुकरची रिंग घ्यायला. त्याच्या बायकोनं, सुनंदानं, जुनी रिंग नमुन्याला हातात देऊन त्याला धाडला होता. रिंग दुकानातच राहिली आणि पिशवीतून आम्ही घरी आलो. त्यानंतर बरेच दिवस त्या घरात डाळ कच्ची राहिली. तेव्हा सुनंदा आमच्याकडे ज्या नजरेनं बघायची, ती मी विसरलेलो नाही.

रोहिदासचं चौकला जुन्या हायवेवर गॅरेज होतं. समोर जगदीशचा ढाबा. दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की जगदीश रस्ता ओलांडून यायचा. ऑइलच्या उपड्या पिंपावर पट मांडायचा आणि दोघं समोरासमोर बसायचे. पांढऱ्या सोंगट्या नेहमी रोहिदासच्या. त्याला एकच डाव येत होता. त्याचं नाव इटालियन. आधी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. मग घोडा बाहेर. मग मी. मी तिरका सुटायचो आणि सी फोर नावाच्या घरात जाऊन बसायचो. माझ्या येण्याजाण्यानं त्या घराचा रंग पार उडालाय. तिथून जगदीशचा काळा राजा घाबरायला लागायचा आणि मग जगदीशला हमखास आठवायचं, की तिकडे भजी करपत असतील.

रोहिदासचा एकच नियम होता, हात लावला की चालवायची. सोंगटीला बोट टेकलं की तीच सोंगटी खेळायची, दयामाया नाही. हा नियम तो गिऱ्हाइकांनाही लावायचा. कुणी नव्या टायरला हात लावून बघितलं तरी म्हणायचा, लावलात ना हात, आता बसवा.

माझे हालही झाले. एकदा घाईत एका टेंपोच्या रेडिएटरच्या खालच्या भोकाला बूच सापडेना, तर रोहिदासनं मलाच चिंधीत गुंडाळून तिथे ठोकला. मी तसाच खोपोलीला जाऊन आलो, उकळत्या पाण्यात. तोवर पटावर माझ्या जागी एक स्पार्क प्लग खेळला. तो माझ्यापेक्षा बरा खेळला असं जगदीश सांगायचा. मी परत आल्यावर रोहिदासनं मला फडक्यानं पुसला, चिरेतला गाळ सुईनं काढला आणि पुन्हा राजाशेजारी उभा केला. असा मालक मिळायला नशीब लागतं.

मग ती दुपार आली. उन्हाळ्याचे दिवस. डांबर पघळलेलं, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. राजापुढचं प्यादं गेलं, घोडा गेला. जगदीशनं आपला घोडा काढला. आता माझी पाळी. रोहिदासनं दोन बोटं माझ्या डोक्यावर ठेवली. दाब आला. मी सुटायच्या तयारीत. पण उचल येईना.

जगदीश म्हणाला, "खेळ की रं. हात लावलायस."

रोहिदास खेळला नाही. जगदीशला आधी आनंदच झाला. हा पहिल्यांदाच अडकला म्हणून तो खूश होऊन ढाब्यावर गेला, चहा पिऊन, मिशा पुसून परत आला. रोहिदास तसाच बसलेला. डोळे पटावर, बोटं माझ्यावर. तेव्हा कुठे जगदीशच्या लक्षात आलं. पटावर एकही प्यादं मेलं नव्हतं, आणि पटाबाहेरचा माणूस गेला होता.

लोक जमले. कुणीतरी त्याचा हात हळूच बाजूला घेतला आणि त्याला उचलून नेला. माणूस नेला, मित्रांनो. बोटं तिथेच राहिली.

मला ती कळत होती. डोक्यावर दोन जागी ऊब होती, दाब होता. गॅरेजात धूळ पडायची, सगळ्या सोंगट्यांवर पडायची, माझ्यावर पडायची नाही. मुंग्यांची रांग पटावरून जाताना माझ्याभोवती वळसा घालून जायची. त्या पटाला कुणी हात लावायला धजेना, म्हणून डाव तसाच मांडलेला राहिला.

आता रोहिदासचा धाकटा भाऊ नवनाथ. त्यानंच अग्नी दिला होता, कारण रोहिदासला मूलबाळ नव्हतं. सुतकातच तो एक दिवस मीटरची टेप घेऊन आला आणि माझ्यासमोर गॅरेजचं शटर मोजून गेला. शटरवर खडूनं खुणासुद्धा केल्या. सुनंदाला म्हणाला, की वहिनी, तुम्ही आता माहेरी जा, गॅरेज मी बघतो. सुनंदा म्हणाली, की इतकी वर्षं पंक्चर कोण काढतंय? नवनाथनं वाद घातला नाही. तो हुशार माणूस.

"आपन कशाला भांडायचं, वयनी," तो म्हणाला. "दहाव्याला मी पिंडासमोर बोलीन, दादा, गॅरेज मी सांभालतो. कावळा शिवला, तर समजायचं दादाची इच्छा तीच होती. मग तुमी पन काय बोलायचं नाय."

तुम्हाला माहीत असेल, दहाव्या दिवशी नदीवर भाताचा पिंड ठेवतात. कावळा त्याला शिवला की गेलेला माणूस मोकळा झाला. नाही शिवला, तर त्याची काहीतरी इच्छा राहिलीय. मग जमलेले लोक एकेक वचन देत बसतात, हे करीन, ते करीन. ज्या वचनाला कावळा शिवेल ती इच्छा. आणि आमच्या भागात कावळ्यापुढे कुणी अपील करत नाही. सुनंदाला हे ठाऊक होतं. कावळा नवनाथच्या वचनावर उतरला असता, तर तिला त्याच संध्याकाळी पिशवी भरावी लागली असती.

गॅरेजच्या सावलीला मोतीबाई करवंदं घेऊन बसायची. वरच्या वाडीतली, तोंडाची फटकळ. नवनाथ मालक झाला तर आपली सावली जाणार हे तिनं केव्हाच ओळखलं होतं. ती सुनंदाला म्हणाली, "त्याचं काय राहिलंय ते डोल्यासमोर पडलंय नं तुझ्या. हात लावून गेला तो. ती चाल तू कर."

"मग आत्ताच करते," सुनंदा म्हणाली.

"आता नको. कावल्यासमोर कर. नायतर त्याला कलंल कसं?"

आता अडचण अशी, की सुनंदाला बुद्धिबळातलं ओ की ठो येत नव्हतं. माझ्यासमोर जाण्यासारखी पाच घरं होती. त्यातल्या कुठल्या घरात रोहिदास मला नेणार होता? चुकीच्या घरात ठेवला, तर तो आणखी अडकायचा. म्हणून तिनं जगदीशला बोलावलं आणि सांगितलं, की मला हा डाव शिकवा.

खऱ्या पटाला हात लावायचा नव्हता. मग जगदीशनं गॅरेजच्या फरशीवर खडूनं पट आखला. नट झाले पांढरी प्यादी, बोल्ट झाले काळी. राजाला बेअरिंग. आणि उंटाच्या जागी, काय सांगू, तोच तो स्पार्क प्लग.

"याला इटालियन म्हनतात, वयनी."

"म्हंजे ते हाटेलात मिळतं ते?"

"ते येगळं. हे तिकडच्या लोकांनी काडलेलं."

"त्यांना काय काम नव्हतं वाटतं," सुनंदा म्हणाली आणि पदर खोचून फरशीवर बसली.

जगदीशनं शिकवायला सुरुवात केली. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं आधी मधल्या घरात प्यादं टाकायचं. समोरचाही आपला रुमाल टाकतो. मग घोडा काढायचा आणि त्याच्या रुमालावर डोळा ठेवायचा. तोही आपला घोडा काढतो आणि रुमाल राखतो. सुनंदाला रुमाल पटकन समजला, घोडा समजेना. अडीच घरांऐवजी ती त्याला कधी साडेतीन चालवायची, कधी सरळ पटाबाहेर मोतीबाईच्या टोपलीपर्यंत. एकदा तर तिनं स्वतःचाच घोडा मारला आणि फार खूश झाली. पण बाई चिकट. पुन्हा मांडायची.

"आता उंट कुठं?" तिनं विचारलं.

जगदीशनं माझ्याकडे चोरून बघितलं. तुम्हीच सांगा, मित्रांनो, ज्या चालीनं आयुष्यभर मार खाल्ला ती चाल कोण शिकवेल? त्यानं स्पार्क प्लग एकच घर पुढे सरकवला. "हितं. राजाच्या पुढ्यात. सांभालून ऱ्हायचं."

त्या क्षणी कोपऱ्यातला हवा भरायचा कॉम्प्रेसर धडधडायला लागला. बटण बंद होतं. सुनंदा उठली, बघून आली, बटण बंदच होतं. कॉम्प्रेसर आपोआप थांबला. जगदीश म्हणाला, आत हवा कोंडली असेल.

मग त्यानं प्लग उचलून लांब पटाच्या कडेला नेला. त्या घरात गेलो असतो तर समोरच्या साध्या प्याद्यानं मला गट्ट केला असता. "नायतर हितं ठेवा," जगदीश म्हणाला. "कडेला हवा बरी असते."

कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला. या वेळी त्याचा काटा हळूहळू वर चढत गेला, लाल खुणेपर्यंत, आणि तिथे थरथरत राहिला. भर दुपार. बाहेर हायवेवरून एकही गाडी जात नव्हती. माझ्या डोक्यावरचा दाब इतका वाढला, की वाटलं चिरेतून दुभंगतो आता.

सुनंदा शांतपणे म्हणाली, "जगदीशभाऊ, त्या पटावर एका घराचा रंग उडालाय. तिकडं तर न्यायचं नसंल?"

 जगदीशनं प्लग उचलला आणि मुकाट सी फोरवर ठेवला. काटा खाली आला. "हितं," तो म्हणाला. "दरवेळी हितंच यायचा. आन दरवेळी मी मरायचो, वयनी. मेल्यावर तरी सोडंल असं वाटलं होतं."

"हितून काय दिसतं उंटाला?"

जगदीशनं बोटानं तिरकी रेघ ओढली. रेघेच्या टोकाला काळ्या राजाला खेटून एक बोल्ट उभा होता. "हे प्यादं. याच्या पाठीशी ना वजीर, ना हत्ती, ना घोडा. नुसत्या राजाच्या आधारावर उभं हाय. म्हनून सगळे यालाच धरतात."

सुनंदानं तो बोल्ट उचलला आणि बराच वेळ हातात फिरवत बसली. "आन राजाच नसला तर?"

 तिनं शटरवरच्या खडूच्या खुणांकडे बघितलं, मग बोल्ट पुन्हा त्याच्या घरात ठेवला, जरा दाबूनच. आणि पहिल्यापासून पट मांडायला घेतला. प्यादं, प्यादं, घोडा, घोडा, उंट. त्या दिवसापासून ती ते इतक्या वेळा खेळली, की मोतीबाईसुद्धा करवंदं मोजताना तेच पुटपुटायला लागली.

दहाव्याचा दिवस उजाडला. पट नदीवर न्यायचा, पण मांडलेला डाव हलता कामा नये. हातानं धरावा तर रोहिदासचा नियम आडवा. सुनंदानं चिमट्यानं एकेक सोंगटी उचलली, बुडाला ग्रीस फासलं आणि होती तिथे चिकटवली. मला तेवढं कुणी लावलं नाही, कारण मला उचलायची हिंमत चिमट्यालाही झाली नाही. चिमटा जवळ आला, की आपोआप मिटायचा.

टेंपो निघाला. पट जगदीशच्या मांडीवर. पहिल्याच स्पीडब्रेकरला काळा हत्ती ग्रीससकट उडून त्याच्या खिशात गेला. दुसऱ्याला वजीर कलंडला. सुनंदा चिमटा घेऊन टेंपोभर सोंगट्या शोधत होती. ज्याच्या बुडाला काहीच नव्हतं तो मी, खिळा मारल्यासारखा उभा होतो. जगदीश माझ्याकडे बघायचं टाळत होता.

पाताळगंगेच्या काठावर नवनाथ आधीच पोचला होता. भटजींनी पिंड मांडला. घाटावर भलंमोठं झाड, एरवी कावळ्यांनी काळं झालेलं असतं. त्या दिवशी त्यावर एकही कावळा नव्हता. आभाळातही नव्हता. लांबून ओरडल्याचा आवाजही येत नव्हता. पाणी वाहत होतं, पण त्याचाही आवाज नव्हता.

नवनाथ हात जोडून पुढे झाला. "दादा, गॅरेज मी सांभालीन. वयनीला म्हायेरी नीट पोचवीन."

काही आलं नाही. मग त्यानं वचन वाढवलं. गॅरेजला रंग देईन. मग म्हणाला, तुझा फोटो लावीन, हार घालीन. मग म्हणाला, फोटोला लायटिंग करीन. बाकीचे नातेवाईकही जोशात आले. एकानं सांगितलं, दारू सोडीन. त्याच्या बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं, की कावळा नाही आला तरी हे वचन ती वसूल करणार होती. उन्हं चढली. शेवटी नवनाथ भटजींना म्हणाला, की दर्भाचा कावळा करा आणि तोच टेकवा, चालतो तो, म्हणजे माझं वचन पोचलं. भटजींनी दर्भाची काडी हातात घेतलीसुद्धा.

"थांबा," सुनंदा म्हणाली आणि तिनं पट पिंडाशेजारी ठेवला.

नवनाथ हसला. "वयनी, हितं खेळ मांडायला आलाय का?"

 ती गुडघे टेकून बसली. पटाकडे बघत ओठातल्या ओठात म्हणत गेली, प्यादं, प्यादं, घोडा, घोडा. आणि तिनं दोन बोटं माझ्या डोक्यावर ठेवली. मित्रांनो, तिच्या बोटांखाली आधीच दोन बोटं होती. तिलाही ती लागली असावीत, कारण तिचा हात एकदम थांबला. डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं हात काढला नाही. हात लावला होता ना. मग उचल आली. मी सुटलो. तिरका, एकेक घर मागे टाकत, सी फोरवर टेकलो. तिनं बोटं उचलली तेव्हा चारही गेली. डोकं गार पडलं. इतक्या दिवसांनी मी पुन्हा नुसतं लाकूड झालो.

"झाली तुमची चाल," सुनंदा म्हणाली.

कावळा कुठून आला ते कुणी पाहिलं नाही. एकच होता. पण तो पिंडावर बसला नाही. पटाच्या काठावर, रोहिदास बसायचा त्या बाजूला बसला. मान वाकडी करून त्यानं डाव बघितला. मग समोर जगदीशकडे बघितलं. आणि चोचीनं पटाच्या काठावर टकटक केली. जरा थांबून पुन्हा टकटक.

 "असंच करायचा तो," जगदीश सुनंदाला हळूच म्हणाला. "मी येळ लावला की."

"मग लावू नका येळ," सुनंदा म्हणाली. "तुमची पाळी हाय."

जगदीशनं आपला काळा उंट काढला आणि मधल्या रांगेत माझ्यासमोर आणून ठेवला. ग्रीसमुळे तो त्याच्या बोटालाच चिकटून आला, दोनदा झटकावा लागला. कावळ्यानं चाल नीट बघून घेतली. मग टुणकन उडी मारून पिंडावर गेला आणि भातात चोच घातली.

 सगळ्यात आधी बोलला नवनाथ. "बघा. शिवला का नाय? मी वचन दिलंच होतं. पोचलं दादाला."

 मी आधीच सांगितलंय, तो हुशार माणूस.

सुनंदा त्याच्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "बरं मग, भावजी. तो हाय अजून हितं. त्याच्यासमोर येकदा परत बोला."

"बोलतो की." नवनाथनं हात जोडले. "दादा, गॅरेज मी..."

कावळ्यानं खाणं थांबवलं. भाताचं शीत चोचीतून खाली पडलं. त्यानं मान वळवली आणि नवनाथकडे बघत राहिला. नुसतं बघत राहिला. नवनाथचं तोंड उघडंच राहिलं. त्याचे जोडलेले हात हळूहळू सुटले. तो एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक, आणि भटजींच्या तांब्याला अडखळून खाली बसला.

"तू... तुमीच बघा गॅरेज," तो म्हणाला. हे त्यानं सुनंदाला सांगितलं की कावळ्याला, ते कळलं नाही. कावळा पुन्हा खायला लागला. सावकाश, पोटभर जेवला आणि उडून गेला.

शटरवरच्या खुणा सुनंदानं त्याच दिवशी ओल्या फडक्यानं पुसल्या. आता गॅरेज ती चालवते. दुपारी जगदीश येतो, पिंपावर पट मांडतो. ती अजून कच्ची आहे, बऱ्याचदा हरते, घोडा अजूनही अधूनमधून भलतीकडे जातो. पण मला कुठे ठेवायचं, ते ती चुकत नाही. सावलीत मोतीबाई असते, उरलेली करवंदं चघळत दोघांनाही चुकीचे सल्ले देते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात माळ्यावर, कपाटाखाली एखादा जुना पट असेल, तर तो काढा, पुसा, खेळा. नाही येत तर शिका. फक्त काय करायचं ते आधी मनात ठरवा. आमच्या डोक्यावर बोट ठेवून विचार करत बसू नका. तुम्ही उठून जाता. आम्हाला तसंच उभं राहावं लागतं, तुमचं बोट सांभाळत.